पाय मुरगळला तर सूज नंतर बघा, आधी हाड चाचपा

पाय मुरगळला की घरातला प्रत्येक जण सुजेवरून निदान करतो. खूप सुजला म्हणजे हाड मोडलं, फारसा सुजला नाही म्हणजे नुसता लचकला. हा हिशेब दोन्हीकडून चुकतो. बाहेरच्या घोट्याखालचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा, फाटलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्याही फाटतात. वरची कातडी पातळ असल्यामुळे अर्ध्या तासात घोटा टम्म फुगतो, हाड मात्र शाबूत असतं. उलट तळपायाच्या मधल्या सांध्यांची मोडतोड पहिल्या दिवशी जेमतेम सुजते आणि माणूस महिनाभर लंगडत कामावर जात राहतो. रंगही असाच फसवतो. साकळलेलं रक्त खाली उतरतं, त्यामुळे मार घोट्याला लागलेला असला तरी तिसऱ्या दिवशी टाचेच्या कडा आणि बोटांची मुळं काळीनिळी दिसू शकतात.

भरवसा ठेवायचा तो दोन गोष्टींवर: ठरावीक जागी हाड दाबल्यावर दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का.

हात लावण्याआधी

माणसाला बसवा आणि पाय लांब करायला सांगा. दोन्ही पायांतले बूट-मोजे काढा, कारण तुलनेला दुसरा पाय लागतो. पुढचं काहीही दिसलं तर दाबून बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा:

- पाय घोट्यापासून वाकडा किंवा बाजूला सरकलेला दिसतो.
- हाडाच्या टोकावर कातडी ताणून पांढरी पडली आहे.
- जखम आहे आणि तिच्याखालचं हाड दुखतं. हाड दिसत नसलं तरी हे उघडं फ्रॅक्चरच समजा.
- बोटं थंड, फिकट किंवा बधिर आहेत. अंगठ्याचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा.
- पाय चाकाखाली किंवा वजनाखाली चेंगरला आहे, आणि बोटं हलकेच वर उचलली तरी माणूस कळवळतो.

ताणलेली कातडी काही तासांत मरू शकते, आणि मग साधं ऑपरेशनही अवघड होऊन बसतं. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधा आणि १०८ ला फोन करा. पाणी किंवा चहा पाजू नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. जखमेवर हळद, कॉफी पावडर असलं काही न टाकता स्वच्छ कापड झाका. टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा. जखम मातीने मळलेली असेल आणि त्याला पाच वर्षं उलटून गेली असतील तर नवा डोस लागतो.

बोटाची तपासणी आणि चार पावलं

कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयान स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये काही सोपे नियम मांडले. घोटा दुखावून आलेल्यांपैकी बहुतेकांचं हाड मोडलेलं नसतं, तरी सरसकट सगळ्यांचा एक्स-रे निघायचा. हे नियम आज जगभर वापरले जातात, आणि नीट केले तर त्यांच्या नजरेतून मोडलेलं हाड क्वचितच सुटतं. घरीही करता येतात, फक्त बोट योग्य जागी पडायला हवं.

सुरुवात दुखऱ्या जागेपासून करू नका. एकदा कळ आली की माणूस पुढच्या प्रत्येक स्पर्शाला दचकतो. आधी गुडघ्याच्या थोडं खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाचं हाड दाबा. घोटा जोरात पिळवटला गेला तर कधी कधी तेच बारीक हाड वरच्या टोकाला मोडतं आणि सगळ्यांचं लक्ष घोट्यावरच राहतं. मग तसंच खाली येत या जागा एका बोटाने ठामपणे दाबा:

१. बाहेरच्या घोट्याचं टोक आणि त्याची मागची कड. टोकापासून वर ६ सेंटीमीटर, म्हणजे तीन-चार बोटांच्या रुंदीएवढा भाग.

२. आतल्या घोट्याचं टोक आणि मागची कड, तितकीच.

३. तळपायाच्या बाहेरच्या कडेला, टाच आणि करंगळी यांच्या साधारण मध्यावर हाताला लागणारा उंचवटा.

४. आतल्या घोट्याच्या पुढे-खाली, पायाच्या कमानीच्या माथ्यावरचं हाड.

घोट्याची मागचीच कड का, पुढची का नाही? लिगामेंट पुढच्या आणि खालच्या बाजूला चिकटलेलं असतं. तिथे दाबलं तर साध्या मुरगळण्यातही प्राण कंठाशी येतात, आणि त्यातून हाडाविषयी काहीच कळत नाही. घरच्या तपासणीत सर्वाधिक चूक होते ती इथेच.

या चारपैकी एका जरी जागी हाड दाबून दुखलं तर एक्स-रे काढा. कुठेच दुखलं नाही तर माणसाला उभं करा आणि प्रत्येक पायावर दोन अशी चार पावलं टाकायला सांगा. लंगडत टाकली तरी चालतात, फक्त वजन पायावर यायला हवं. पडल्याबरोबर चार पावलं टाकता आली नव्हती आणि आत्ताही येत नाहीत, तर हाड दाबून दुखो न दुखो, एक्स-रे हवाच.

काही जणांच्या बाबतीत या नियमांवर विसंबता येत नाही. दारू प्यायलेला माणूस, किंवा दुसरीकडे मोठी दुखापत झालेला माणूस, घोट्याची कळ नीट सांगू शकत नाही. वयस्कर बाईंची हाडं ठिसूळ असतील तर शंका आली तरी फोटो काढलेला बरा. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा लिगामेंटपेक्षा कमकुवत असते. मोठ्यांचं लिगामेंट ताणतं तिथे मुलांची ही कूर्चा सरकते, आणि पहिल्या एक्स-रेत ती दिसेलच असं नाही. मुलाच्या घोट्याचं हाड दाबून दुखत असेल तर ‘लचकलंय, खेळू दे’ म्हणू नका.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं सांगायलाच हवं. बरीच वर्षं साखर असली की तळपायाची संवेदना कमी होते. हाड मोडलं तरी पाय फारसा दुखत नाही, माणूस त्यावर चालत राहतो, आणि पाय सुजून लाल व गरम होतो. याला शार्को फूट म्हणतात. जंतुसंसर्ग समजून आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक चालू राहतात आणि तेवढ्यात पायाची कमान ढासळते. हाताची मागची बाजू दोन्ही पायांवर आळीपाळीने ठेवून बघा. एक पाय स्पष्ट गरम लागला, सुजलेला असला आणि दुखत मात्र नसला, तर त्या क्षणापासून पायावर वजन बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. वेळेत खास प्लास्टर घातलं तर पाय वाचतो. अशा पायाला बर्फही लावू नका आणि शेकूही नका, चटका कळणार नाही.

‘लचकलाय’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या दुखापती

घोट्याची चाचणी हाडाची आहे. शिरा आणि मधल्या पायाचे सांधे तिच्यातून निसटू शकतात, म्हणून हे वेगळं ओळखावं लागतं.

पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन. ती तुटताना मागून कुणी लाथ मारली असं वाटतं, कधी ‘फट्’ असा आवाजही येतो. बॅडमिंटन, क्रिकेट, कबड्डी. वय बहुधा तिशी-चाळिशीचं, आणि खेळायची सवय मधल्या काळात सुटलेली. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या अँटिबायोटिक घेतल्या असतील तर धोका वाढतो. माणसाला पालथं झोपवा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी दोन्ही बाजूंनी दाबा. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली झुकतं. तुटली असेल तर हलत नाही. टाचेच्या थोडं वर खळगाही हाताला लागतो. माणूस स्वतः पाऊल खाली करू शकतो, म्हणून शीर ठीक आहे असं मानू नका. दुसरे स्नायू तेवढं काम करतात. पहिल्या काही दिवसांत चवडा खाली ठेवून प्लास्टर घातलं तर अनेकांचं ऑपरेशन टळतं. आठवडे गेले की दोन टोकं लांब जातात आणि तो मार्ग बंद होतो.

तळपायाच्या मधल्या सांध्यांची दुखापत, लिस्फ्रँक, सर्वांत जास्त निसटते. चवडा जमिनीवर टेकलेला, टाच वर, आणि त्यावर अंगाचा भार असं झालं की ती होते: खड्ड्यात पाय जाणं, जिन्याची शेवटची पायरी चुकणं, मोटारसायकल पडताना पाय खाली अडकणं. खूण एकच लक्षात ठेवा. तळव्याच्या मधोमध, खळग्यात, काळानिळा डाग. कडेने उतरलेलं रक्त टाचेभोवती दिसतं. तळव्याच्या मध्यावरचा डाग म्हणजे आतली बंधनं तुटल्याचा इशारा. झोपून काढलेल्या एक्स-रेत हाडं जागेवर दिसू शकतात. म्हणून उभं राहून, वजन देऊन, दोन्ही पायांचा एक्स-रे मागा. ही दुखापत राहून गेली तर कमान बसते आणि संधिवात कायमचा मागे लागतो.

घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमधलं बंधन फाटलं तर सूज कमी आणि त्रास लांब चालतो. पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं एकमेकांकडे दाबली की कळ खाली घोट्याशी येते, किंवा पाऊल बाहेर वळवलं की घोट्याच्या पुढे-वर दुखतं. अशा पायावर साध्या मुरगळण्यासारखं आठवड्यात चालायला लागू नका.

बाहेरच्या कडेच्या उंचवट्यावर दोन वेगवेगळी फ्रॅक्चर होतात आणि रिपोर्टमध्ये ती एकाच हाडाच्या नावाने येतात. अगदी टोकाचा तुकडा निघाला असेल तर कडक तळाच्या बुटात चालत-फिरत काही आठवड्यांत जुळतो. त्याच्या सुमारे दीड सेंटीमीटर पुढे भेग असेल तर ते जोन्स फ्रॅक्चर. सर रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये त्याचं वर्णन केलं; नाचताना त्यांचाच पाय असा मोडला होता. तिथे रक्तपुरवठा तुटपुंजा, म्हणून सहा-आठ आठवडे वजन बंद आणि बऱ्याचदा स्क्रू. डॉक्टरांना ‘टोकाला की पुढे?’ हे विचाराच.

नारळाच्या झाडावरून, शिडीवरून किंवा बांधकामाच्या परांचीवरून टाचांवर पडलेल्याची टाच मोडली असेल तर दुसरी टाच आणि कंबरही तपासा. तोच धक्का वर मणक्यापर्यंत जातो. कंबर दुखत असेल तर त्याला बसवू नका, आडवंच न्या.

आणि एक दुखापत पडण्या-धडपडण्याशिवाय होते. पोलीस भरतीसाठी मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटरची तयारी करतात. जाहिरात निघाली की डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, एकदम रोज पळायला लागतात. दोन-तीन आठवड्यांनी चवड्याच्या मागे, पावलाच्या वरच्या अंगाला एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा तयार होते. पळताना दुखतं, थांबलं की थांबतं. हाडाला बारीक तडा गेलेला असतो, आणि पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे कोरा येऊ शकतो. कोऱ्या एक्स-रेवर विश्वास ठेवून पळत राहणारे मैदानी चाचणीआधीच घरी बसतात. सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवा, सायकल किंवा पोहणं चालू ठेवा. दुखरी जागा कमानीच्या माथ्यावर असेल तर लगेच एमआरआय, कारण ते हाड हट्टाने जुळत नाही.

हाड शाबूत असेल तर पहिले तीन दिवस

बर्फाबद्दल बरीच वर्षं एकच सूत्र चाललं: आराम, बर्फ, दाब, उंची. अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी ते १९७८ मध्ये मांडलं आणि पुढे त्यांनीच बर्फाबद्दलचं मत बदललं, कारण सुरुवातीची सूज हा भरून येण्याचाच भाग असतो. आज बर्फाकडे वेदनेवरचा उपाय म्हणून बघावं. ओल्या फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दोन-तीन तासांच्या अंतराने, पहिले दोन दिवस. थेट कातडीवर ठेवला तर फोड येतात. झोपताना बर्फाची पिशवी बांधून ठेवू नका.

क्रेप बँडेज मोठ्या माणसाला १० सेंटीमीटर रुंदीचं घ्या. पाऊल नडगीशी काटकोनात धरा, नाहीतर चवडा खाली लोंबलेल्या अवस्थेत बांधला जातो आणि पोटरी आखडते. बोटांच्या मुळापासून दोन वेढे घ्या. मग पावलावरून आतल्या कडेला, तळव्याखालून, बाहेरच्या कडेने वर असा पट्टा फिरवा, म्हणजे आत वळलेला पाय बाहेर ओढला जातो. घोट्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर, टाचही झाकत, घोट्याच्या चार बोटं वर संपवा. दाब बोटांकडे जास्त आणि वर कमी हवा. उलटं झालं तर बोटं फुगतात, आणि घरी बांधलेल्या बँडेजमध्ये बहुधा उलटंच होतं. मुंग्या आल्या, बोटं निळसर दिसली तर सोडून परत बांधा. रात्री काढा.

पाय उंच म्हणजे छातीच्या वर: आडवं पडून टाचेखाली दोन उशा. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवलेला पाय उंच नसतो.

दुखत असेल तर मोठ्यांना पॅरासिटामॉलची ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची गोळी, किमान सहा तासांच्या अंतराने. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

तीन दिवस शेक, मालीश आणि दारू टाळा. तिन्हींनी आतला रक्तस्राव वाढतो. आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप अखंड कातडीवर गार लावायला हरकत नाही. गरम लेप मात्र पहिल्या तीन दिवसांत नको, आणि वाळलेल्या लेपावर घट्ट पट्टी तर नकोच, आतली कातडी सोलते. हाडवैद्याकडून पाय ओढून घेण्याचा विषय एक्स-रेआधी काढूही नका. तडा गेलेलं हाड ओढलं की ते सरकतं, आणि प्लास्टरवर भागलं असतं तिथे धातूची पट्टी आणि स्क्रूची वेळ येते.

गडावरून उतरताना मुरगळला तर बूट काढून तपासा, पण चालत उतरायचंच असेल तर लगेच परत घाला, नाहीतर सुजेमुळे तो चढणार नाही. घोट्याचं हाड मोडलं असावं अशी शंका असेल तर कॅरीमॅट (झोपायची फोमची चटई) दुमडून एका बाजूला गुडघ्याखालून टाचेखाली आणि दुसऱ्या बाजूने वर असा घ्या, आणि ओढणी किंवा पट्ट्याने तीन-चार ठिकाणी बांधा. गाठ हाडावर नको. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

दुखणं थांबल्यावरचं काम

चौथ्या ते सातव्या दिवशी पाय परत तपासून घ्या. तोवर सूज उतरलेली असते आणि लिगामेंट ताणलंय की पूर्ण फाटलंय हे हाताला जास्त नीट कळतं. हलक्या दुखापतीला एक-दोन आठवडे, अर्धवट फाटण्याला तीन ते सहा, पूर्ण फाटण्याला तीन महिन्यांपर्यंत लागतात. पूर्ण फाटलेल्यांतही बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण दुखणं संपलं की लोक थांबतात. लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारे मज्जातंतू असतात. ते दुखावले की पाय आत वळताना बाहेरचे स्नायू उशिरा जागे होतात. ते शिकवावं लागतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अंगठ्याने हवेत क ते ज्ञ लिहा, दिवसातून तीन वेळा. वजन पेलायला लागलं की भिंतीला तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल हळूहळू मागे न्या; दोन पायांतला फरक संपला पाहिजे. सायकलची जुनी ट्यूब दोन्ही पावलांभोवती अडकवून दुखरं पाऊल बाहेर ढकला, १५ वेळा, तीन फेऱ्या. मग टाचा उचलणं, आधी दोन पायांवर, नंतर एका. शेवटी तोल: एका पायावर ३० सेकंद, तीनदा. जमलं की डोळे मिटून, मग घडी घातलेल्या सतरंजीवर. दात घासताना केलं तर वेगळा वेळ लागत नाही. हे आठ ते बारा आठवडे चालू ठेवा.

मैदानात परतायचं ते एका पायावर दुखल्याशिवाय दहा उड्या मारता आल्या, आठच्या आकारात पळता आलं आणि टाचा दुसऱ्या पायाइतक्या वेळा उचलता आल्या की. कबड्डी, व्हॉलीबॉल, फुटबॉल खेळणाऱ्यांनी पुढचे सहा महिने तरी लेसचा घोट्याचा आधार वापरावा.

या काळात पोटरी एकाच पायाची सुजली, दाबून दुखली किंवा दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते; त्याच दिवशी रुग्णालयात जा, विशेषतः प्लास्टर असताना. आणि व्यायाम नीट करूनही तीन महिन्यांनंतर घोट्याच्या आत खोल दुखत असेल, पाय अडकल्यासारखा होत असेल किंवा सपाट जमिनीवरही दगा देत असेल, तर सांध्यातली कूर्चा दुखावलेली असू शकते. ती साध्या एक्स-रेत नेहमी दिसत नाही. एमआरआय आणि हाडांच्या डॉक्टरांची भेट तेव्हा लांबवू नका.